२७ इंची ४के मॉनिटरवर जुनी डिझाइन सॉफ्टवेअर कुठे बारीक, कुठे धूसर दिसतात. उपाय काय?

अक्षरजुळणी (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. नौपाड्यात आमचं डीटीपी आणि डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि दरवर्षी काही दिवाळी अंकांची जुळणी असं काम असतं. यंदा अंकांची गडबड सुरू व्हायच्या आत मुख्य मशीनसाठी २७ इंची ४के (३८४० बाय २१६० पिक्सेल) मॉनिटर घेतला. आधीचा २४ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८०) शेजारी दुसरा स्क्रीन म्हणून ठेवला. विंडोज ११ आहे आणि त्याने आपणहून स्केल, म्हणजे अक्षरं-बटणं किती मोठी दाखवायची ते, १५० टक्के लावलं.

फोटोशॉप आमच्याकडे सीएस ६ आहे, सीडीवर आलेलं. नव्या मॉनिटरवर त्याचा टूलबार आणि मेनू इतके बारीक झालेत की कुठलं टूल कुठलं ते कळत नाही. पानं जुळवायच्या पेजमेकर ७ मध्ये नेमकं उलट. अक्षरांचा, बटणांचा आकार बरोबर, पण सगळं मेणकागदातून बघितल्यासारखं धूसर. क्रोम, वर्ड, फाइल एक्सप्लोरर मात्र एकदम स्वच्छ. पेजमेकरची खिडकी ओढून जुन्या मॉनिटरवर नेली की तिथे ती लगेच स्पष्ट होते. शिवाय नव्या स्क्रीनवर माऊस थोडा अडखळत चालतो असं वाटतं.

आमचे ऑपरेटर काका पेजमेकरवरच घडलेले. मराठी प्रूफ त्यांच्याइतकं बारकाईने बघणारं माणूस माझ्या बघण्यात नाही. दुपारपर्यंत त्यांचे डोळे लाल होतात, हे मला चालणार नाही. दुकानदार म्हणतो रिझोल्युशन उतरवून १९२० बाय १०८० वर चालवा. शेजारचे म्हणतात पॅनेलच सदोष आहे, बदलून घ्या. बदलून घ्यायची मुदत संपत आली आहे, त्यामुळे नक्की काय समजायचं ते जाणकारांनी सांगावं.

टीटीसी_टेक (रबाळे)

ताई, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. क्रोम आणि वर्ड स्वच्छ दिसतात म्हणजे पॅनेलला काही झालेलं नाही. पॅनेल सदोष असतं तर सगळंच धूसर दिसलं असतं. मॉनिटर बदलून आणलात तरी नव्यावर हेच दिसेल, त्यामुळे ती खेप वाचवा.

सविस्तर लिहितो, त्याआधी दोन गोष्टी सांगा. दोन्हीपैकी ‘मेन डिस्प्ले’ कुठला ठेवला आहे? आणि ४के मॉनिटर कुठल्या केबलने जोडला आहे, मॉनिटरच्या खोक्यातली की आधीचीच?

अक्षरजुळणी (नौपाडा, ठाणे)

मेन डिस्प्ले नवाच ठेवला आहे, २७ इंची ४के. केबल आधीचीच एचडीएमआय. खोक्यातली लांबीला पुरेना म्हणून लावली नाही.

टीटीसी_टेक (रबाळे)

ठीक. आता क्रमाने.

विंडोजच्या जगात १०० टक्के स्केल म्हणजे एका इंचाला ९६ पिक्सेल हे गृहीतक आहे. तुमचा २४ इंची फुल एचडी साधारण ९२ पिक्सेल प्रति इंच आहे, म्हणजे गृहीतकाच्या अगदी जवळ. २७ इंची ४के मात्र १६३ आहे. (३८४० आणि २१६० यांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, भागिले २७. कुठल्याही मॉनिटरला हाच हिशोब.) ज्या टूलबारचं चित्र ३२ पिक्सेल रुंद काढून ठेवलं आहे, ते जुन्या स्क्रीनवर जवळपास ९ मिलिमीटर दिसायचं, नव्यावर ५. सीएस ६ मध्ये तेच घडतंय.

मग पेजमेकर बारीक का होत नाही? कारण मोठं कोणी करायचं हा प्रश्न विंडोज प्रत्येक सॉफ्टवेअरला विचारतं. जे सॉफ्टवेअर म्हणतं ‘मला डीपीआय (एका इंचातले पिक्सेल) कळतो, माझं मी बघतो’, त्याला विंडोज हात लावत नाही. जे काहीच सांगत नाही, त्याला विंडोज ‘पडदा ९६ चाच आहे’ असं भासवतं, त्याचं चित्र लहान आकारात काढून घेतं आणि मग फोटो ताणावा तसं ताणून दाखवतं. ही ताणण्याची सोय व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आहे. पेजमेकर ७ हे २००१ चं, त्याला यातलं काही ठाऊक असण्याचं कारणच नाही. म्हणून ते ताणलं जातं आणि धूसर होतं. सीएस ६ हे २०१२ चं. ते ‘मला कळतं’ असं सांगतं, पण इतक्या दाट पडद्यासाठी मोठी चित्रं त्याच्याकडे नाहीत. तेव्हा विंडोजवर असे पडदे डेस्कटॉपला नव्हतेच म्हणा ना. प्रेफरन्सेसमधला ‘यूआय फॉन्ट साइझ’ वाढवून फक्त पॅनेलमधली अक्षरं थोडी मोठी होतात, चिन्हं तेवढीच राहतात. २०० टक्क्यांचा पर्याय फोटोशॉपच्या सीसी २०१४ आवृत्तीत आला, तोही प्रायोगिक म्हणून.

‘मला कळतं’ म्हणणाऱ्यांतही दोन प्रकार. एक ‘सिस्टिम अवेअर’, सीएस ६ यातलंच. हे सॉफ्टवेअर तुम्ही विंडोजमध्ये साइन इन करता त्या क्षणी मेन डिस्प्लेचं स्केल विचारून घेतं आणि दिवसभर तेच धरून बसतं. दुसऱ्या मॉनिटरचं स्केल वेगळं असेल तर तिथे ते ताणलं किंवा आकसलं जातं. दुसरा प्रकार ‘पर मॉनिटर’, हा विंडोज ८.१ पासून, २०१३ पासून आला, आणि त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये विंडोज १० च्या क्रिएटर्स अपडेटबरोबर. हे सॉफ्टवेअर खिडकी सरकवली की त्या त्या स्क्रीनप्रमाणे स्वतःला नव्याने आखतं. क्रोम हे करतं.

तुमच्या मशीनवर कोण कुठल्या प्रकारातलं आहे हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. टास्क मॅनेजर उघडा, डीटेल्समध्ये जा, वरच्या पट्टीवर उजवी क्लिक करून कॉलम निवडा, तिथे ‘डीपीआय अवेअरनेस’ नावाचा कॉलम आहे. तो चालू केला की प्रत्येक प्रोग्रॅमपुढे त्याचा प्रकार लिहून येतो.

आता उपाय. फोटोशॉपच्या मूळ ईएक्सई फाइलवर (जिच्यातून प्रोग्रॅम चालू होतो ती) उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. खाली ‘ओव्हरराइड’ची खूण करा आणि यादीतून ‘सिस्टिम’ निवडा. यामुळे सीएस ६ चं म्हणणं बाजूला ठेवून विंडोज स्वतः त्याला मोठं करेल. टूलबार वाचता येईल एवढा होईल, किंचित मऊ दिसेल. पेजमेकरला तिथेच ‘सिस्टिम (एनहान्स्ड)’ देऊन बघा. हा पर्याय विंडोजच्या जुन्या पद्धतीने काढलेली अक्षरं ताणण्याऐवजी मोठ्या आकारात नव्याने काढून घेतो, त्यामुळे मेनू आणि डायलॉग खूपदा स्वच्छ होतात. पानावर काही वेडंवाकडं दिसलं, रेषा जागा सोडून आल्या, तर परत साधं ‘सिस्टिम’.

आणि ४के लाच मेन डिस्प्ले राहू द्या, आणि स्केल बदललंत तर साइन आउट करून परत या. नुसती सेटिंग बदलून उपयोग नाही, सिस्टिम अवेअर मंडळी साइन इनच्या वेळीच विचारतात.

रेषा_आणि_भिंत (नेरुळ)

वरचा प्रतिसाद मी छापून ऑफिसात लावणार आहे. आम्ही आर्किटेक्ट. ठाण्यात आणि वाशीला रीडेव्हलपमेंटची कामं चालू आहेत. आमच्याकडे हा प्रकार कॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, छळतो, म्हणून त्या बाजूने भर घालतो.

ऑटोकॅडमध्ये ४के ची नीट काळजी २०१८ च्या आवृत्तीपासून घेतली गेली. त्याच्या आधीची आवृत्ती वापरत असाल तर कर्सरच्या मधला चौकोन आणि ग्रिपचे निळे ठिपके पिक्सेलमध्ये मोजलेले असतात. पिकबॉक्स मूळचा ३, ग्रिपसाइझ ५. दाट पडद्यावर ते दिसेनासे होतात आणि रेषा पकडताना चुकीची रेषा हाती लागते. कमांड लाइनवर पिकबॉक्स टाइप करून ६ किंवा ७ द्या, ग्रिपसाइझ ९-१० करा, अपर्चरही (रेषेचं टोक पकडायचा चौकोन) त्या प्रमाणात वाढवा. एवढ्याने माणसाचा निम्मा त्रास जातो.

खरा घोळ जुन्या प्लगइनच्या, म्हणजे वरून जोडलेल्या टूलच्या, खिडक्यांचा. एरिया स्टेटमेंट काढायचं एक छोटं टूल आम्ही वर्षानुवर्षं वापरतो. १५० टक्क्यांवर त्याची खिडकी तेवढीच राहते आणि आतली अक्षरं वाढतात, त्यामुळे खालचं ओके बटण खिडकीच्या बाहेर जातं. टॅब दाबत शेवटच्या बटणापर्यंत जाऊन एंटर मारायचा, असं आमची मुलं करतात. कोणाला याहून बरा मार्ग माहीत आहे का?

स्केचअपमध्ये २०१७ पासून दाट पडद्यांची सोय आहे. तिथेही मूळ टूल नीट, पण बाहेरून घातलेल्या काही एक्स्टेन्शनची चिन्हं बारीक किंवा फुटलेली, कारण ती एकाच लहान आकारात दिलेली असतात.

अजून एक, हे नव्या मुलांना मी आवर्जून सांगतो. ४के वर ड्रॉइंगमधल्या रेषा नाजूक आणि सुंदर दिसतात. ते बघून लाइनवेट, म्हणजे रेषेची जाडी, ठरवू नका. कागदावर ०.१८ आणि ०.२५ मिलिमीटरमधला फरक प्लॉट काढूनच कळतो. महापालिकेत जाणारा नकाशा पडद्यावर कसा दिसतो याला काही अर्थ नाही.

टीटीसी_टेक (रबाळे)

@रेषा_आणि_भिंत, ते टूल ऑटोकॅडच्या आतच चालत असेल तर त्याला वेगळी ईएक्सई नाही, म्हणून त्याच्यापुरतं ओव्हरराइड करता येत नाही. दोन मार्ग. एक, ऑटोकॅडलाच ‘सिस्टिम’ देऊन बघणे, पण मग ड्रॉइंगही ताणलं जाईल. हे मी सुचवणार नाही. दुसरा, ते टूल वापरायचं तेव्हा १०० टक्के स्केलचा साधा मॉनिटर मेन ठेवून साइन इन करणे. मात्र त्याच ‘हाय डीपीआय’ खिडकीत वरच्या बाजूला ‘प्रोग्रॅम डीपीआय’ असा पर्याय आहे. तिथे ‘मी साइन इन केलं तेव्हाचा’ याऐवजी ‘हा प्रोग्रॅम उघडतो तेव्हाचा’ डीपीआय घ्यायला सांगता येतं. म्हणजे दरवेळी साइन आउट करायला नको, मेन डिस्प्ले बदलायचा आणि प्रोग्रॅम नव्याने उघडायचा.

@अक्षरजुळणी, माऊस अडखळण्याबद्दल: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ इथे रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने काढला जातो) बघा. ३० हर्ट्झ दिसत असेल तर दोष जोडणीचा. एचडीएमआय १.४ मधून ४के फक्त ३० हर्ट्झने जातं. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं, आणि कम्प्युटर, मॉनिटर, केबल तिन्ही त्या ताकदीचे हवेत. मशीनला डिस्प्लेपोर्ट असेल तर सरळ ती केबल घ्या.

जुनाजाणता (कोपरी)

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. ज्या ऑफिसात पेजमेकर आणि सीएस ६ वर पोट चालतं, तिथे २७ इंची ४के घेऊच नये. २७ इंची क्यूएचडी घ्यावा, २५६० बाय १४४०. त्याचे १०९ पिक्सेल प्रति इंच होतात. १०० टक्के स्केलवर सगळं चालतं, कुठलंच सॉफ्टवेअर ताणलं जात नाही, टूलबार थोडा लहान पण वाचता येण्याजोगा. जागा फुल एचडीच्या पावणेदोनपट. पैसेही कमी. ताईंची मुदत संपली नसेल तर मी तरी बदलून क्यूएचडी आणला असता.

दुकानदार सांगतो तसं १९२० बाय १०८० वर मात्र चालवू नका. हिशोबाने एका पिक्सेलचे बरोबर चार होतात, म्हणजे धारदार दिसायला हवं, पण बहुतेक मॉनिटर ते मोठं करताना कडा पुसट करतात. आणि एवढं करून २७ इंचावर ८२ पिक्सेल प्रति इंच, म्हणजे तुमच्या जुन्या मॉनिटरपेक्षाही भरड.

टीटीसी_टेक (रबाळे)

जुनाजाणता यांच्याशी मी बराचसा सहमत आहे. नवीन घेताना कोणी विचारलं तर माझाही पहिला प्रश्न हाच असतो: तुमच्याकडचं सर्वांत जुनं सॉफ्टवेअर कुठलं? मॉनिटर त्याच्या हिशोबाने निवडायचा. नवं फोटोशॉप विंडोजवर १०० ते ४०० टक्के असं २५-२५ च्या टप्प्याने मोठं होतं, प्रत्येक मॉनिटरचं स्केल वेगळं ओळखतं. कोरलड्रॉने एक्स ८ मध्ये, २०१६ साली, ४के कडे नीट लक्ष दिलं. इलस्ट्रेटर, इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये यूआय स्केलिंग आहे. हे सगळं ज्यांच्याकडे आहे त्यांनी ४के खुशाल घ्यावा. ३२ इंची ४के हा मधला पर्याय, १३८ पिक्सेल प्रति इंच, पण सीएस ६ साठी तोही दाटच.

ताईंच्या बाबतीत मी थांबून बघा म्हणेन. कारण मराठीचं काम आहे.

ऑफसेटवाला (वागळे इस्टेट)

मराठीचं काम आहे, हेच मला लिहायचं होतं.

आमच्याकडे छपाईला येणाऱ्या फाइलींत सगळ्यांत जास्त काय चुकतं? ऱ्हस्व-दीर्घ उकार, रफार, आणि अनुस्वार. नऊ पॉइंटच्या मजकुरात फुल एचडीवर ‘कु’ आणि ‘कू’ यांच्यातला फरक दोन-तीन पिक्सेलांचा राहतो. ‘द्ध’ आणि ‘द्व’ तर पानाच्या पूर्ण दृश्यात सारखेच दिसतात. अनुस्वार आणि स्क्रीनवरची धूळ यांत गोंधळ होतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. म्हणून प्रूफ वाचणारा दीडशे-दोनशे टक्के झूम करून तुकड्या-तुकड्यात वाचतो, आणि मग पानाची मांडणी, ओळींमधली पोकळी, विधवा ओळ (पानाच्या डोक्यावर एकटी पडलेली परिच्छेदाची शेवटची ओळ) त्याच्या नजरेतून सुटते. १६३ पिक्सेल प्रति इंचावर खऱ्या आकारातलं पान वाचता येतं. देवनागरीत शिरोरेघेच्या वर, खाली, पोटात इतकं काही भरलेलं असतं की दाट पडद्याचा सर्वांत जास्त फायदा आपल्या लिपीला होतो असं मी मानतो. दिवाळी अंकाच्या संपादकाला हा स्क्रीन दाखवा, त्याला वेगळं समजवावं लागणार नाही.

खऱ्या आकाराचं सांगतो. २७ इंची पडद्याची काच साधारण ५९.८ सेंटिमीटर रुंद आणि ३३.६ उंच. ए४ ची उंची २९.७, दोन ए४ शेजारी ठेवले तर ४२ रुंद. म्हणजे पॅनेल आवरली तर समोरासमोरची दोन पानं हुबेहूब कागदाच्या मापात मावतात. त्यासाठी सॉफ्टवेअरला पडद्याची घनता सांगावी लागते. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेस, ‘युनिट्स अँड रुलर्स’ इथे स्क्रीन रिझोल्युशन ७२ असतं, तिथे १६३ लिहा, मग ‘प्रिंट साइझ’ दिलं की खरं माप येतं. कोरलमध्ये झूमच्या पर्यायांत ‘कॅलिब्रेट रुलर्स’ आहे. इलस्ट्रेटर २०१९ पासून १०० टक्के झूमला कागदाचं माप दाखवू शकतं. शेवटी स्टीलची पट्टी काचेसमोर धरून दहा सेंटिमीटर मोजा, खात्री करा. लग्नपत्रिकेच्या गिऱ्हाइकाला ‘एवढीच अक्षरं येणार’ हे समोर दाखवता आलं तर नंतरची बोलाचाली टळते.

टीटीसी_टेक (रबाळे)

उत्तम माहिती. एक दुरुस्ती फक्त ताईंच्या सीएस ६ पुरती. ‘सिस्टिम’ ओव्हरराइड लावल्यावर विंडोज त्याला दीडपट ताणतं, त्यामुळे तिथे १६३ न लिहिता १६३ भागिले दीड, म्हणजे साधारण १०९ लिहावं लागेल. पट्टीने मोजलंत तर लगेच लक्षात येईल.

याच कारणाने दुसरी काळजी. ताणलेल्या सीएस ६ मध्ये १०० टक्के झूमला फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या दीड पिक्सेलवर पसरतो. फोटो शार्प आहे की नाही हे त्यावर ठरवू नका, आहे त्यापेक्षा मऊ दिसेल आणि हात शार्पनिंग जास्त करेल. शेजारचा फुल एचडी मॉनिटर १०० टक्के स्केलवर राहू द्या. तीच खिडकी तिथे नेली की ताण निघून जातो आणि पिक्सेलला पिक्सेल मिळतो. फोटोचं अंतिम बघणं तिथे. तो जुना मॉनिटर कोणाला देऊ नका.

पानमांडणी (खारघर)

मी मॅकवर काम करते, म्हणून त्या बाजूचं थोडक्यात. मॅकवर बारीक-धूसर असा सॉफ्टवेअरनिहाय भेद फारसा येत नाही, कारण २०१२ च्या रेटिना (दाट पडद्याच्या) मॅकबुक प्रोपासून तिथे सरळ दुप्पट हा एकच नियम आहे. पण २७ इंची ४के जोडून ‘२५६० बाय १४४० सारखं दिसू दे’ निवडलं की मॅक आतमध्ये ५१२० बाय २८८० चं चित्र तयार करतो आणि ते ३८४० बाय २१६० मध्ये आकसवून दाखवतो. अक्षरं छान दिसतात, पण एक पिक्सेलची रेषा नेमकी बसत नाही. आयकॉन किंवा वेबचं पिक्सेलबरहुकूम काम असणाऱ्यांना ते जाणवतं. २७ इंचात ५के, म्हणजे २१८ पिक्सेल प्रति इंच, हे दुपटीत चोख बसतं, किंमत मात्र तशीच.

सोशल मीडियाचं काम करणाऱ्यांसाठी: १०८० बाय १०८० ची पोस्ट १०० टक्के झूमला जुन्या २४ इंचीवर पावणेबारा इंच दिसते आणि ४के वर साडेसहा. त्यामुळे नव्या मॉनिटरवर मुलं अक्षरं उगाच मोठी करत जातात. फोनवर पाठवून बघा आणि मग ठरवा.

मुक्तस्रोत (घणसोली)

मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. इंकस्केप १.० (२०२०) पासून दाट पडद्यावर व्यवस्थित आहे, त्याआधीचं असेल तर बदला. जिंप २.१० मध्ये प्रेफरन्सेसमधून चिन्हांचा आकार वाढवता येतो, २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये प्रकरण बरंच सुटलं आहे. ब्लेंडरमध्ये इंटरफेसखाली ‘रिझोल्युशन स्केल’ आहे, हवं तेवढं करा. लिनक्सवर दोन मॉनिटरचं स्केल वेगवेगळं हवं असेल तर साइन इन करताना वेलँडचं (पडद्यावर चित्र दाखवायची नवी पद्धत) सेशन घ्या.

अक्षरजुळणी (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल-परवा बसून एकेक करून पाहिलं, ते लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

डीपीआयचा कॉलम लावून बघितला. पेजमेकरपुढे ‘अनअवेअर’, फोटोशॉपपुढे ‘सिस्टिम’. म्हणजे टीटीसी_टेक यांनी सांगितलं तसंच. ४के मेनच ठेवला, साइन आउट-साइन इन केलं. सीएस ६ ला ‘सिस्टिम’ ओव्हरराइड दिलं, टूलबार वाचता येतो. पेजमेकरला ‘एनहान्स्ड’ दिल्यावर मेनू आणि डायलॉग स्वच्छ झाले, पण पान स्क्रोल करताना आमच्या जुन्या मराठी फॉन्टच्या मात्रा मध्येच मागे राहायच्या आणि रिफ्रेश केल्यावर जागेवर यायच्या. काकांना ते अजिबात चालेना, कारण मात्रा खरंच सुटली आहे की फक्त दिसत नाही हे कळायला मार्ग नाही. म्हणून पेजमेकर परत साध्या ‘सिस्टिम’वर आणि खिडकी कायमची जुन्या मॉनिटरवर. तिथे ते पूर्वीसारखंच स्पष्ट आहे.

मग ४के वर काय? तिथे आता पीडीएफ. पेजमेकरमध्ये दुरुस्ती, पीडीएफ काढायची, आणि नव्या मॉनिटरवर खऱ्या मापात समोरासमोरची दोन पानं लावून वाचायची. ऑफसेटवाला यांनी सांगितलं ते पट्टी धरून मोजलं, अगदी बरोबर आलं. कालच्या एका लेखात ‘द्ध’च्या जागी ‘द्व’ पडलेला काकांनी न झूम करता पकडला. मॉनिटर परत करत नाही.

रिफ्रेश रेट ३० च होता. डिस्प्लेपोर्टची केबल लावली, ६० झाला, माऊस सुरळीत.

जुनाजाणता, तुमचं म्हणणं पटलं आहे. दुसऱ्या मशीनला क्यूएचडीच घेणार. पेजमेकर सोडा असंही काहींनी व्यक्तिगत निरोपात लिहिलं. इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी नीट चालतं हे माहीत आहे आणि नवी कामं हळूहळू तिकडे नेतोय. पण सोसायट्यांचे आणि संस्थांचे मागचे सगळे अहवाल जुन्या फॉन्टमध्ये आहेत, दरवर्षी त्याच फाइलीत आकडे बदलून हवे असतात. ते एका हंगामात होणारं काम नाही.

एकच प्रश्न उरला. काकांना १५० टक्के थोडं लहान वाटतं, १७५ ला जागा कमी पडते. मध्येच १६० करता येतं का? सेटिंगमध्ये ‘कस्टम स्केलिंग’ दिसतंय.

टीटीसी_टेक (रबाळे)

करता येतं, पण करू नका. कस्टम आकडा सगळ्या मॉनिटरना एकदम लागतो, म्हणजे तुमचा फुल एचडीसुद्धा १६० वर जाईल आणि तिथला स्पष्ट पेजमेकर पुन्हा धूसर होईल. १५० च ठेवा. सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटीखाली ‘टेक्स्ट साइझ’ आहे, तिथे फक्त अक्षरं १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत वाढतात, स्केल तेच राहतं. काकांसाठी ११० ते ११५ लावून बघा. तिथेच माऊस पॉइंटरचा आकारही एक-दोन घरं वाढवा, दोन स्क्रीनमध्ये तो शोधावा लागत नाही.